एकही बाहेरचा भाग नको

४ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार माझ्याच्याने होत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांनी नमस्कार. वहिनीलाही तेवढ्यांनीच.

आधी एक गोष्ट वाचून घे, मग बाकीचं वाच. मी धडधाकट आहे, म्हणजे आधी होते तेवढी. डाव्या खांद्यावर जांभळा डाग पडलाय, बस्स. गाडीला मात्र अपघात झाला. हे फोनवर सांगितलं असतं तर तू "कोणाला? कुठे? काय कापलं?" करत सगळी बिल्डिंग गोळा केली असतीस. तुझे कान गेल्यापासून आपला कारभार पोस्टमनच्या भरवशावर आला, पण एक बरं झालं, पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

काल लॅबमधून घरी येत होते. चौकाच्या अलीकडे फर्निचरच्या दुकानातून एक मालाची व्हॅन मागे न बघता उलटी बाहेर आली. मी दांडी खाली दाबली, ब्रेक लागला, माझी गाडी जागच्या जागी उभी राहिली. पण व्हॅन कुठली थांबते! डाव्या बाजूने सरळ येऊन बसली. हेडलाइट, मडगार्ड, अर्धं बॉनेट आणि डावीकडचं दार, सगळं चेपलं.

लोक जमले. सगळे व्हॅनवाल्याला शिव्या देत होते, तोही कान पकडून "चुकलं ताई" म्हणत होता. मग कोणीतरी माझं दार उघडलं. "उतरा, उतरा, हवा खा" म्हणाला. कुबड्या मागच्या सीटखाली गेलेल्या, मी उतरणार कशी? मग त्यांना माझे पाय दिसले, पायाचे पट्टे दिसले, स्टिअरिंगखालच्या दोन दांड्या दिसल्या. दादा, एका क्षणात निकाल फिरला. "अहो, पाय नाहीत तर गाडी कशाला चालवता?" व्हॅनवाल्याने कान सोडले आणि तोच मला विचारायला लागला, "बाई, तुम्हाला लायसन्स दिलं कोणी?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. मी लायसन्स दाखवलं, त्यावर 'हाताने चालवायची गाडी' असं लिहिलेलं दाखवलं. कोणी वाचायला तयार नाही. मला इतकं रडू आलं की बोलताच येईना, आणि रडणाऱ्या बाईचीच चूक असते हे लोकांचं आधीच ठरलेलं असतं. व्हॅन तेवढ्यात निघून गेली. नंबर घ्यायचं कोणाला सुचलं नाही, मला धरून.

गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ओढून नेलीय. विम्याच्या लोकांना काय लिहायचं ते तू सांग. आपल्यात लिहिणारा तू.

तुझी भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरी,

डोक्यावर हात ठेवलाय असं समज. पत्र वाचलं तेव्हापासून वहिनी देवाचं नाव घेतेय आणि मी व्हॅनवाल्याच्या सात पिढ्यांचं.

आता नीट ऐक. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म काढलाय. सुट्या भागांच्या धंद्यात कोण कुठे शेण खातं हे मला पाठ आहे. वर्कशॉपवाले काय करतात? बिल लावतात खऱ्या मालाचं आणि बसवतात नकली. हेडलाइट आतून नकली, मडगार्ड कुठल्या तरी दुसऱ्या फुटलेल्या गाडीचं ठोकून रंगवलेलं. सहा महिन्यांनी गंज बाहेर येतो, तोवर ते हात झटकून मोकळे. विमा कंपनी तर त्याहून शहाणी. तिला स्वस्तात मिटवायचं असतं.

तू कोणाशी काही बोलू नकोस. तू बोलायला लागलीस की हसतेस, आणि हसणाऱ्या माणसाला हे लोक गुंडाळतात. सोबत एक अधिकारपत्र पाठवतोय, 'माझ्या वतीने माझे बंधू पत्रव्यवहार करतील' असं. त्यावर सही कर आणि एक प्रत वर्कशॉपला, एक विम्याला दे. बाकी माझ्यावर सोड. त्यांचे दात त्यांच्याच घशात घातले नाहीत तर नाव लावणार नाही.

वहिनी म्हणते, गाडी होईपर्यंत इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे. मीही म्हणतो. पण तू येणार नाहीस हे आम्हा दोघांना माहीत आहे, म्हणून जास्त म्हणत नाही.

खांद्याला शेक घे.

दादा


२१ फेब्रुवारी

दादा,

अधिकारपत्र सही करून दिलं. दात घशात घालायचं काम तू कर, दात तोंडात बसवायचं मी करते. माझ्या कामाची निदान माणसं चावून खात्री करून घेतात.

विम्याचा सर्व्हेअर वर्कशॉपमध्ये येऊन गेला. मला बोलावलं होतं. चांगला माणूस असावा, पण त्याने "गाडी कोण चालवत होतं?" हे इतक्यांदा विचारलं की शेवटी मलाच शंका यायला लागली. मग त्याने आत वाकून दांड्यांचे फोटो काढले. ही ब्रेकची, ही वेगाची, असं मी दाखवलं. पायाच्या पेडलवर माझे पाय घसरून जाऊ नयेत म्हणून जी लोखंडी पट्टी आहे तीसुद्धा दाखवली. दांडीवर वाहन कचेरीने ठोकलेला शिक्का दाखवला. तो "हं, हं" म्हणाला आणि "रिपोर्ट वर जाईल" म्हणाला. वर म्हणजे कुठे, कोणास ठाऊक. फोन केला की एक मुलगी गोड आवाजात सांगते की तुमचा क्लेम प्रक्रियेत आहे. मी म्हटलं, बाई गं, मी पण प्रक्रियेतच आहे.

इकडचं सांगते. टॅक्सी बोलावते. येते, कुबड्या बघते आणि "दुसरं भाडं आलं" म्हणून निघून जाते. थांबलीच तर ड्रायव्हर दयाळू निघतो. तो मला काखेत हात घालून उचलायला बघतो, आणि मला नको नको म्हणताना जिन्यावरच्या सगळ्यांना दर्शन होतं. शेजारीण म्हणाली, आमचे हे सोडतील तुम्हाला, कचेरीच्या वाटेवरच आहे. दोन दिवस सोडलं त्यांनी. तिसऱ्या दिवशी मी खाली जाऊन उभी, ते वरच्या खिडकीतून मला बघून मागच्या दाराने गेले. त्यांचंही बरोबर आहे. रोज कोण कोणाचं ओझं वाहील?

लॅबचे मालक म्हणाले, उशीर होतो तर काम घरी नेत जा. म्हणून आता स्वयंपाकाच्या ओट्यावर कवळ्यांचे साचे मांडलेत. डबे उघडावेत तिथे कोणाचे तरी हसरे दात. पण भट्टी लॅबमध्ये, घासायचं यंत्र लॅबमध्ये, घरी फक्त मेणात दात लावायचे तेवढे लावते. ते झालं की दिवस संपत नाही. खिडकीत बसते. दादा, गाडी होती तेव्हा मी काही फार कुठे जात नव्हते. पण आपल्याला जाता येतं, एवढं माहीत असलं की माणूस घरात किती निवांत बसतो! आता घर नुसतं चावतं.

तू त्यांना एवढंच विचार, कधी? बाकी भांडण राहू दे. उंटावरून शेळ्या हाकण्यात तू हुशार आहेस, पण माझी शेळी एकच आहे आणि ती वर्कशॉपमध्ये बांधलीय.

भिंगरी


२ मार्च

भिंगरी,

भांडण राहू दे म्हणतेस? भांडण आत्ता सुरू झालंय.

गाडी कंपनीच्या मुख्य कचेरीला रजिस्टर पत्र टाकलं, प्रत वर्कशॉपच्या मॅनेजरला. दोन दिवस खपलो त्यावर. वहिनीला वाचून दाखवलं तर म्हणाली, आपल्या लग्नाच्या वेळी तुम्ही एवढं बरं लिहिलं असतंत तर! तुझ्या माहितीसाठी महत्त्वाचा भाग उतरवतो:

'सदर वाहन कारखान्यातून ज्या स्थितीत बाहेर पडले, त्याच स्थितीत ते माझ्या भगिनीस परत मिळाले पाहिजे. त्यात बाहेरचा, बनावट, अथवा नंतर जोडलेला एकही भाग राहता कामा नये. असा एकही भाग आढळल्यास वाहन ताब्यात घेतले जाणार नाही व आपणावर योग्य ती कारवाई करण्यात येईल.'

'नंतर जोडलेला' हे मी मुद्दाम घातलं. नाहीतर ते म्हणतील, आम्ही बनावट कुठे लावला, जुन्या गाडीचा खराच लावला. पळवाटच ठेवली नाही. स्टोअरमध्ये असताना मी असं एक पत्र लिहिलं होतं तर पुरवठादार स्वतः टेम्पो घेऊन माल बदलून द्यायला आला होता.

मालकांना सांग, थोडी कळ काढा. दात महिनाभर नसले तर कोणी मरत नाही.

दादा


८ मार्च

दादा!

तुझ्या तोंडात साखर. क्लेम मंजूर झाला!

आज वर्कशॉपच्या मॅनेजरचा स्वतःहून फोन आला. आवाज एकदम मऊ. "मॅडम, तुमच्या बंधूंचं पत्र आम्हाला वरून आलंय, अगदी तसंच होईल, काळजी नको." तुझं पत्र तिथे भिंतीवर लावलंय म्हणे. तू पाठवलेला उतारा मी दोनदा वाचला. काय भाषा! मला आपल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाची आठवण झाली. शेजारणीलाही वाचून दाखवला. तिच्या मिस्टरांचा पण कसलासा क्लेम अडकलाय, तू त्यांना लिहून देशील का असं विचारत होती. मी म्हटलं, देईल की, त्याला दुसरं काम काय आहे.

या महिन्याच्या शेवटी गाडी देतो म्हणालेत. आली की मी काय करणार, सांगू? कुठेच जाणार नाही. नुसती निघणार. पेट्रोलपंपावरून वळसा, नदीवरच्या पुलावरून पलीकडे, पलीकडून परत. वाटेत कोणाला घेणार नाही. कोणी हात केला तर त्याला हात करून पुढे जाणार.

लॅबमध्येही कळवलं. मालक म्हणाले, "बरं झालं." जरा थांबून म्हणाले. पण ते नेहमीच थांबून बोलतात.

वहिनीला सांग, मागच्या खोलीत तिने खुशाल वाळवण घालावं.

तुझीच भिंगरी


२८ मार्च

दादा,

गाडी मिळाली.

काल टॅक्सीने वर्कशॉपला गेले. मॅनेजर दारापर्यंत आला, खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. आधी कागद समोर ठेवले. 'वाहन तपासून समाधानकारक स्थितीत ताब्यात मिळाले.' मी म्हटलं, आधी बघते. तो हसून म्हणाला, "अहो मॅडम, तुमच्या बंधूंची गाडी, आमची हिंमत आहे का?" केली सही. मग त्याने पडद्यासारखं कापड ओढून काढलं. गाडी इतकी सुंदर दिसत होती की मला ओळखूच येईना. दाराची फट सरळ, रंग एकसारखा, हेडलाइट डोळ्यात काजळ घातल्यासारखे. मी आत बसले, कुबड्या मागे टाकल्या, किल्ली फिरवली. आणि हात दांडीवर ठेवायला खाली नेला.

हात हवेत गेला.

दांड्या नव्हत्या, दादा. दोन्ही नव्हत्या. जिथे त्या आत जात होत्या तिथली भोकं काळ्या रबराच्या बुचांनी बंद केलेली, इतकी सफाईदार की आधी तिथे काही होतं असं वाटू नये. पायाखालची पट्टी काढलेली. पेडलवर नवं कोरं रबर. मी खिडकीतून म्हटलं, माझ्या दांड्या? मॅनेजर एकदम आनंदाने म्हणाला, "काढल्या मॅडम! एकही बाहेरचा भाग ठेवला नाही. बघा, पत्रात आहे, नंतर जोडलेला एकही." त्याने भिंतीवरचं तुझं पत्र बोटाने दाखवलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी शाबासकी देईन.

मी विचारलं, मग मी चालवू कशी? तो म्हणाला, "आम्हाला वाटलं आता तुम्ही ड्रायव्हर ठेवणार."

काढलेले भाग विमा कंपनीच्या मालकीचे असतात. भंगाराचा ट्रक ते मागच्याच आठवड्यात घेऊन गेला, चेपलेल्या बॉनेटसकट. नवीन बसवून द्या म्हटलं तर आम्ही तसलं काम करत नाही, बाहेरून बसवलं तर आमची हमी गेली. ज्यांनी त्या बनवल्या ते लेथवाले काका, माझ्या हाताची लांबी शिंप्यासारखी टेपने मोजून घेतली होती त्यांनी, ते वारून किती वर्षं झाली. विम्याच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, तुमचा क्लेम समाधानकारकरीत्या पूर्ण झालाय.

इतकी वर्षं सगळे रडतात की या कंपन्या आपलं ऐकत नाहीत. आपलं ऐकलं, दादा. शब्दन्‌शब्द ऐकलं.

वर्कशॉपच्या माणसाने मला माझ्या गाडीतून घरी आणून सोडलं. मी डावीकडच्या सीटवर. त्या बाजूने माझी गाडी मी कधी बघितलीच नव्हती. आता ती खिडकीखाली उभी आहे, चकचकीत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुला दोष देत नाही असं लिहायला बसले होते. पण आज देते. आजच्या दिवस देते. उद्या नाही देणार.

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरी,

काय लिहू.

तुझं पत्र आल्यापासून मी माझं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचतोय. एकही चूक नाही त्यात. म्हणूनच भीती वाटते. 'नंतर जोडलेला' लिहिताना माझ्या डोळ्यासमोर मडगार्ड होतं, बंपर होता, काचा होत्या. त्या दांड्या डोळ्यासमोर आल्याच नाहीत. तू म्हणशील, माझ्या गाडीत दुसरं होतं काय? खरं आहे. पण भिंगरी, त्या दांड्या मला कधी गाडीच्या वाटल्याच नाहीत. त्या तुझ्याच वाटल्या. तुझे हात कोणी सुटे भाग म्हणून मोजेल का?

तूही तो उतारा दोनदा वाचलास आणि तुझ्याही लक्षात आलं नाही, यावर मी दोन दिवस स्वतःची समजूत घालून बघितली. होत नाही.

कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, आपल्या लेखी मागणीनुसार काम केले आहे, सोबत आपल्या पत्राची प्रत. माझंच पत्र मला पाठवलं.

दोष देत राहा. एका दिवसात आटपू नकोस.

दादा

(मी वहिनी. हे लिफाफा चिकटवायच्या आत लिहिते. यांचं जेवणावर लक्ष नाही. आधी ऐकू येत नव्हतं, आता बोलणंही बंद. काल हे जुन्या कपाटातून स्टोअरच्या वेळचे नटबोल्ट पिळायचे पाने काढून पुसत बसले होते. काहीतरी काम लिही बाई यांना, काहीही. नाहीतर मला दोघांना सांभाळावं लागेल.)


१४ एप्रिल

दादा,

दोष देऊन झाला. मला फार वेळ एक काम जमत नाही.

आता कुठे घोडं अडलंय ते सांगते, म्हणजे तुझं डोकं चालेल. वाहन कचेरीत जाऊन आले. शेजारणीच्या भाच्याने नेलं. तिथली बाई म्हणाली, नव्या दांड्या बसवता येतील, पण त्यांची नवी परवानगी लागेल. परवानगीसाठी मी साहेबांसमोर गाडी चालवून दाखवायची. परवानगी मिळेपर्यंत मात्र चालवायची नाही. मी विचारलं, मग गाडी इथवर आणू कशी? ती म्हणाली, तो आमचा प्रश्न नाही. आणि तारीख? पुढच्या वर्षीची यादी अजून उघडली नाही. मी हसले. तिला वाटलं मला समजलं.

तिने एक गोष्ट सांगितली. जुन्याच दांड्या परत बसवल्या तर जुनी परवानगी चालेल, कारण त्यांच्यावर कचेरीचा शिक्का ठोकलेला आहे. पण त्या आता कुठल्या भट्टीत गेल्या असतील कोण जाणे. हे आपलं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, यात तुला करण्यासारखं काही नाही.

लॅबमध्ये माझ्या स्टुलावर एक नवी मुलगी बसते. तिला कामावर घेतलं तेव्हा माझा खांदा अजून जांभळाच होता. मी तुला लिहिलं नाही, कारण तू मालकांनाही रजिस्टर पत्र टाकलं असतंस. मालक वाईट नाहीत. म्हणाले, गाडी सुरू झाली की या, आपण बघू. 'बघू' म्हणाले तेव्हा मुळीच थांबले नाहीत.

तू जेव. वहिनीने चोरून लिहिलंय ते मी वाचलंय.

भिंगरी


२ मे

वहिनी,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. वाचून झालं की फाडून टाक.

दादा सुखरूप आहे. मागच्या पत्रात शिक्क्याचं लिहिलं ही चूक माझी. यात करण्यासारखं काही नाही असं लिहिलं की दादा करायला निघतो, हे मला कळायला हवं होतं. दारात बॅग घेऊन उभा राहिला तेव्हा हातात वर्कशॉपकडून मिळवलेला भंगारवाल्याचा पत्ता होता. तुला म्हणे "जरा बघून येतो" एवढंच सांगून निघाला.

तेव्हापासून रोज जातो. गावाबाहेर मोठं मैदान आहे, तिथे फुटक्या गाड्यांचे आणि लोखंडाचे ढीग आहेत. ऐकू येत नाही म्हणून त्याने एका पुठ्ठ्यावर माझ्या दांड्यांचं चित्र काढलंय, मापं घातलीत, ते गळ्यात अडकवून फिरतो. तिथले लोक आधी हसले, मग चहा द्यायला लागले, आता नुसते बघतात. जन्मभर रॅकवरच्या हव्या त्या नटबोल्टावर न बघता हात ठेवणारा माणूस, वहिनी. तिथे ना रॅक, ना नंबर. संध्याकाळी येतो तेव्हा कोपरापर्यंत काळा असतो. हात चिरलेत. मी औषध लावते तेव्हा दुसरीकडे बघतो. मी ओरडून सांगते, दादा, पुरे. तो म्हणतो, काय? मी पुन्हा ओरडते. तो पुन्हा म्हणतो, काय? मला वाटतं त्याला पहिल्यांदाच कळतं.

आज लवकर आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून. टेबलावरचे, लॅबला परत करायचे राहिलेले साचे हळूच बाजूला सारले, कागद उलगडला आणि म्हणाला, "हीच ना?"

वहिनी, ती नाही गं. जवळपास तेवढीच लांब आहे, एका टोकाला वाकलेलीही आहे. पण तिला स्क्रूसारखे आटे आहेत, माझ्या दांडीला आटे नव्हते. एखाद्या घडीच्या पलंगाची असेल नाहीतर व्यायामाच्या यंत्राची. त्या दांडीवर मी किती वर्षं हात ठेवलाय, अंधारातसुद्धा ओळखेन.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. गाल बसलेत त्याचे. लहानपणी माझ्या पायांना पट्टे लावायला नेलं त्या दिवशी तो असाच बघत होता, डॉक्टरांकडे.

मी म्हटलं, "हो. हीच."

दुसऱ्यांदा विचारलं नाही त्याने. खुर्चीत बसला आणि तिथल्या तिथे रडला, मोठ्याने, त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना. मग उठून दोन पोळ्या खाल्ल्या. आता गॅलरीत बसून सँडपेपरने ती दांडी घासतोय. गंजाखाली शिक्का असेल म्हणतो. एक मिळाली म्हणजे दुसरीही तिथेच असणार म्हणतो. मधेच आत डोकावून हसतो.

मी हे काय करून बसले? माझं तर काहीच पुढे गेलं नाही. गाडी खाली तशीच उभी आहे, शेजारचे चालवायला मागतात. मला खरं सांगायला हवं होतं. पण कोणाला सांगू, त्या तोंडाला?

उद्या सकाळी तो दांडी घेऊन वर्कशॉपला जाणार आहे. "बसवा" म्हणणार. मिस्त्री एका नजरेत ओळखेल. तो जे बोलेल ते दादाला ऐकू जाणार नाही, पण दादा तोंड बरोबर वाचतो. म्हणून मीही जाणार आहे, टॅक्सी सांगितलीय. दादाच्या पाठीमागे राहून मी मिस्त्रीला सांगणार आहे, आज नुसतं हो म्हणा आणि ठेवून घ्या. मोठ्याने सांगता येईल, तेवढी सोय आहे. पण नुसतं सांगून तो ऐकेल असं वाटत नाही, हात जोडावे लागतील, आणि माझे हात तर कुबड्यांवर. तिथे काउंटरच्या समोर एक भिंत आहे. तिला पाठ लावून उभी राहीन, म्हणजे दोन्ही हात मोकळे होतील.

भिंगरी